एमिलीच्या घंटेवरची तिसरी ओळ

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर हसलोय. तिठ्यावर उतरवून टाकलेला नारळ दिसला तर पायाने बाजूला सारून चहाला जाणारा मी माणूस... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण बघितलंय, आणि एकट्याने नाही, म्हणून लिहितो.

१९९८ची गोष्ट. मेटलर्जीचा डिप्लोमा करून मी शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत सुपरवायझर होतो. मलकापूरच्या पुढच्या एका लहानशा गावातली मंडळी (नाव मुद्दाम देत नाही) देवळाची तडकलेली घंटा घेऊन आली. ती वितळवून त्याच धातूची नवी ओतायची होती. जुनीवर इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी वाचून दाखवल्या — पहिलीत 'एमिली' हे नाव, दुसरीत इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्याचं नाव.

मंडळींबरोबर अनुसया काकू होत्या, देवळाच्या गुरवीण. सत्तरीच्या. त्यांना सासूकडून कळलेली हकिकत अशी, की फार पूर्वी जंगलखात्याच्या साहेबाची सहा वर्षांची मुलगी त्या गावात तापाने गेली. आजारपणात गावातल्या बायांनीच तिचं सगळं केलं. साहेब मायदेशी परतल्यावर तिच्या आईने ही घंटा त्या बायांसाठी म्हणून पाठवली आणि त्यांनी ती देवळात बांधली. मुलीची कबर पुढे रस्त्याच्या कामात गेली. म्हणजे ती पोर जगात होऊन गेली, याची खूण एवढी घंटाच.

देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांना त्याचं काही नव्हतं. “देवळाच्या घंटंवर इंग्रजाचं नाव कशाला पायजे? आमच्या वडलांचं, तात्यांचं टाका. खर्च आमी करतोय न्हवं?”

काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “लेकरा, पोरीचं नाव तेवढं ऱ्हाऊ दे की. तिचं हितं कोण हाय दुसरं?”

“काकू, ते कमिटीनं ठरवायचं. मी नुसता ओतून देणार,” मी म्हणालो. चोवीस वर्षांचा होतो, अंगात रग होती.

ओतकाम माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आधी घंटेच्या आकाराचा लाकडी पॅटर्न करतात, त्यावर अक्षरं चिकटवतात आणि तो वाळूत दाबून काढून घेतात. वाळूत जो ठसा उरतो त्यात धातू ओततात. ठशात जे असेल तेच घंटेवर येतं, दुसरं काही येऊच शकत नाही. आमचा पॅटर्न नवा आणि कोरा होता. तात्यांच्या नावाची अक्षरं मी स्वतः चिकटवली. ठसा मी तपासला, वाळूचे साचे करणारे आमचे मोल्डर दस्तगीर मिस्त्री यांनीही तपासला, आणि त्यांची तीस वर्षं वाळूत गेलेली. साचा बंद केला तेव्हा जुन्या घंटेचे तुकडे भट्टीत वितळून पाणी झाले होते.

देवाचा धातू कुणी बदलू नये म्हणून गावकरी अशा वेळी समोर बसून राहतात. इथेही बसले. सकाळी ओतलं, आणि साचा फोडेपर्यंत एक माणूस जागचा हलला नाही. मी जेवणसुद्धा तिथेच केलं.

दुपारी चारच्या सुमारास मिस्त्रींनी वाळू झाडायला घेतली. जरा वेळाने त्यांचा ब्रश थांबला.

“सायेब, हिकडं या. ह्ये तुमी क्येलंय?”

मी वाकून बघितलं... तात्यांच्या नावाचा मागमूस नव्हता. तिथे इंग्रजी अक्षरं होती. एमिली. खाली त्या खेड्याचं नाव. आणि त्याखाली — तिसरी ओळ.

अध्यक्ष खवळले. “चेष्टा लावलीया व्हय? घासून टाका आत्ताच्या आत्ता!”

मी काय केलं माहितीय? घासायचा ग्राइंडर उचलला आणि सुरू केला. गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात काकूंनी गरम घंटेवर हात ठेवला.

“आदी वाचून तर दाव, काय लिवलंय.”

मशीन बंद करून मी वाचलं. मराठीत सांगायचं तर — ‘हिला हाक मारत राहा.’

अध्यक्ष वाळूच्या ढिगावर मटकन बसले. म्हणाले, “ऱ्हाऊ दे तसंच.” काकू पदर तोंडाला लावून रडत होत्या. घंटा तशीच गावाला गेली आणि आजही तिथेच आहे.

पाच वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिलो, की कुणीतरी हातचलाखी केली असणार. मग २००३ साली सायबर कॅफेत त्या इंग्लिश खेड्याची वेबसाइट सापडली. दगडी चर्च, ओढा, पन्नासएक घरं, इतकंच गाव. तिथले एक निवृत्त शिक्षक गावाचा इतिहास गोळा करत होते. मी ईमेल केलं. फक्त एवढंच विचारलं, की एमिली नावाच्या मुलीची घंटा तुमच्याकडून आली होती का? जुन्या-नव्या घंटेचं किंवा तिसऱ्या ओळीचं काहीच सांगितलं नाही.

उत्तर आलं. एमिलीच्या आईने घंटा ओतणाऱ्याला लिहिलेल्या पत्राची नक्कल चर्चच्या पेटीत होती. तिने तीन ओळी मागितल्या होत्या. जागा पुरत नाही म्हणून त्याने शेवटची गाळली आणि घंटा तशीच जहाजावर चढली. नकलेखाली आईने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, की मला खरी तीच हवी होती. ती ओळ त्या शिक्षकांनी उतरवून पाठवली होती. अक्षर न् अक्षर तीच.

माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. मिस्त्रींकडे नाही, वाळूच्या शास्त्रात तर नाहीच. जी ओळ आमच्या इथे कुणी कधी पाहिलीच नव्हती, ती आली कुठून? भुताखेताची भीती मला अजूनही वाटत नाही. भीती वाटते ती एकाच गोष्टीची... एका आईचं एवढंसं मागणं कुठून कुठे येऊन पोचलं, आणि मी ते घासून टाकायला मशीन सुरू करून उभा होतो.