ओव्याची धुरी

शेजारच्या बाळंतिणीला धुरी द्यायला निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली, की तो वास भिंतीवरून आमच्या घरात येतो आणि मी तामलवाडीतून थेट जर्मनीतल्या त्या दोन खोल्यांत जाऊन पडते. तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. आमचं बाळ दवाखान्यातच गेलं होतं, आणि रिकाम्या हातांनी घरी आल्यापासून आम्ही दोघं एकमेकांकडं बघणंही टाळत होतो. गावाकडं सासूबाईंना बाळ झाल्याचं कळवलं होतं. गेल्याचं सांगायला नवऱ्याची जीभ रेटत नव्हती. एका सकाळी सासूबाई फोनवरून धुरी कशी द्यायची ते सांगत होत्या, आणि हा "व्हय, व्हय" करत विजेच्या शेगडीवर तव्यात खरंच ओवा जाळू लागला. बाळ नसलं तरी मी बाळंतीण होतेच. खोली धुरानं भरली आणि छताला लावलेला, धुराचा इशारा देणारा भोंगा कर्कश वाजायला लागला. "कशाचा आवाज रं? लेकरू दचकंल की. उचल त्याला आधी," सासूबाई म्हणाल्या. त्यानं भोंगा बंद केला नाही. तवा हातात धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "आई, कुणाला उचलू?" मग तो खाली बसला, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो. आता आम्ही इथंच राहतो. शेजारून वास आला की सासूबाई उठतात आणि खिडकी लावून घेतात. त्या आत गेल्या की मी ती हळूच उघडते.