पुढच्या ब्रेकचे आटे

माझ्या गाडीला चाकं तीन आणि ब्रेक एकच, पण त्या एका ब्रेकचे मालक आमच्या घरात निदान पाच होते. लहानपणी पोलिओने माझा उजवा पाय नेला, त्यामुळे पायाने दाबायच्या ब्रेकचा मला उपयोग नाही. म्हणून नंदुरबारच्या मिस्तरीने माझ्या मोटारसायकलचं मागचं एक चाक काढून तिथे दोन बसवली आणि तिन्ही चाकांचे ब्रेक उजव्या हाताच्या एका लिव्हरला जोडून दिले. सीटखाली एक आडवी पट्टी आहे, तिला तो तराजू म्हणतो. लिव्हर दाबला की तराजूचं एक टोक पुढची केबल ओढतं आणि दुसरं टोक मागच्या दोन चाकांचे रॉड. तिघांनी एकदम धरलं तर गाडी सरळ थांबते. एकाने अंग काढून घेतलं की बाकीच्यांची फरफट होते. मी सरकारी कार्यालयात कारकून असल्यामुळे हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

दर रविवारी सकाळी कोरीट गावातल्या आमच्या अंगणात मी हा ब्रेक जुळवायला बसते. मागची बाजू विटांवर उचलायची, चाक हाताने फिरवत नट आवळायचा, आत लायनर घासल्याचा बारीक आवाज आला की अर्धा आटा मागे. दुसऱ्या चाकाला तसंच, मग पुढच्या केबलला. नंतर अंगणातल्या फुफाट्यात गाडी थोडी पळवून ब्रेक दाबायचा आणि मागच्या चाकांनी ओढलेल्या दोन रेघा वितीने मोजायच्या. रेघा सारख्या तर ब्रेक सारखे. इतक्या मन लावून या पोरीने रांगोळी कधी काढली नाही, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

अडचण होती ती पुढच्या चाकाची. आमच्या भागात गाडी शिकवताना क्लच सांगायच्या आधी सांगतात की पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी पलटी मारते. ज्यांनी तो आयुष्यात कधी दाबला नाही ते हे सगळ्यात ठामपणे सांगतात. तेव्हा माझ्या एका लिव्हरमध्ये पुढचाही ब्रेक आहे हे कळल्यावर माझी काळजी असणाऱ्या सगळ्यांची झोप उडाली. काका आले, केबल ढिली करून गेले. भाऊजी सणाला आले, जेवायच्या आधी हात धुतले आणि धुण्याआधी केबल ढिली केली. भावाने तर मला मदत म्हणून केली. प्रत्येकाला माझा जीव वाचवायचा होता आणि त्यासाठी प्रत्येकाने आळीपाळीने माझा ब्रेक काढून घेतला.

मग मी पुढच्या केबलच्या नटावर, खालच्या बोल्टपर्यंत येईल अशी लाल नेलपॉलिशची एक रेघ मारायला सुरुवात केली. नट कोणी हलवला तर रेघ तुटलेली दिसायची. चाळिशीला आलेली मुलगी दुकानातून नेलपॉलिश घेऊन आली म्हणून आईला दोन दिवस काय काय आशा वाटली, ते मी विचारलं नाही.

वडील, म्हणजे आबा, तेवढे या भानगडीत नव्हते. ते बाजेवर बसून विटा पुरवायचे आणि रेघांवरून कोंबड्या जाऊ नयेत म्हणून राखण करायचे. घरात माझ्या पान्याला न घाबरणारा तो एकच माणूस.

अशात माझी बदली घाटापलीकडच्या धडगावला झाली. हजर व्हायला मी जीपने गेले. घाटात जाणाऱ्या जीपमध्ये माणसं कशी बसतात हे तिथल्यांना माहीत आहे. मला बसवलं नाही, ठेवलं. दोघांनी काखेत हात घालून उचललं, तिसऱ्याने पाय आत घेतला आणि कोणीतरी माझ्या मांडीवर मिरचीचं पोतं दिलं. सगळे चांगलेच वागले. पण उतरताना मला इतकी लाज वाटली की सही करून होईपर्यंत मी कोणाकडे पाहिलं नाही. पुढच्या सोमवारी मी माझ्याच गाडीने घाट चढणार, नाहीतर ही नोकरी सोडणार, असं घरी सांगून टाकलं. आई रडली. रविवारी आबांनी नेहमीपेक्षा दोन विटा जास्त आणल्या.

सोमवारी पहाटेच्या रिकाम्या सपाट रस्त्यावर ब्रेक जोराने दाबायची वेळच आली नाही; घाटाच्या पायथ्याशी, सपाटी संपते तिथे मी थांबले आणि सवयीने ब्रेक पुरता दाबून पाहिला. लिव्हर थेट मुठीला येऊन टेकला. खाली वाकून पाहिलं तर पुढच्या नटावरची लाल रेघ तुटलेली. रविवारपासून घरात पाहुणा आलेला नव्हता आणि भाऊ गावाला गेलेला होता. मी घरी फोन लावला.

"आबा, पुढला ब्रेक कोनी ढिला कया?"

"मी."

"तुम्हले बी वाटस का, गाडी पलटी मारी?"

"नही व माय. तीन चाकनी गाडी कशी पलटी मारी? इतलं माले समजस." मग थोडं थांबून म्हणाले, "घाटना पहिले तू ब्रेक देखसच, माले माहीत शे. ढिला लागना ते मांगे फिरशी, असं वाटनं. तुन्ही मायले सांगी ठेयेल शे, पोर दुपारले जेवाले घर शे."

मला भयंकर राग आला. माझ्या चोखपणावर या माणसाचा इतका भरवसा की त्यावर त्याने माझा जीव टांगला. आणि रडूही आलं, कारण एवढा भरवसा माझ्यावर दुसऱ्या कोणी ठेवलेला नव्हता.

"आबा, पाना मन्हा जोडे शे," मी पिशवीतला पाना काढत म्हणाले.

"ते बी माहीत व्हतं. तरी बी वाटनं."

"कितला आटा काढात?"

"तीन. आवळ तू. मी मोजस."

फोन स्पीकरवर टाकून सीटवर ठेवला आणि मी नट आवळू लागले. पलीकडून आबा मोजत होते आणि प्रत्येक आकड्याला त्यांचा आवाज बारीक होत होता. तीन झाल्यावर फोन चालूच ठेवून पिशवीत टाकला आणि कडेच्या मातीत गाडी पळवून ब्रेक दाबला. तिन्ही चाकांनी एकदम धरलं. उतरून वितीने मोजू लागले, तेव्हा थांबलेल्या एका जीपमधली माणसं खाली उतरून बघायला आली. बाई मातीत काय मोजते आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"कशा शेतस रेघा?" आबांनी विचारलं.

"सारख्या."

घराबाहेर पडणाऱ्याला आमच्याकडे कोणी जा म्हणत नाही. जवळच्या दुकानात निघालेल्यालासुद्धा ये म्हणतात, आणि मला तर आबा उंबऱ्यापर्यंत येऊन दोनदा म्हणायचे.

"मंग जाय," आबा म्हणाले.

मी गेले.