कारणाचा रिकामा रकाना

सुकलाल गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डापुढे काढलेला माणूस, पण त्याची बातमी मुंबईत पोहोचायला पाच दिवस लागले. कार्ड त्याच्या बायकोनं, गोदावरीवहिनींनी, कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. दोनच ओळी होत्या, आणि खाली, ‘तुमच्या नावानं एक वही ठेवली आहे, ती घेऊन जा.’ मी तेराव्याला नंदुरबारला गेलो आणि वही घेऊन परतलो. याला आता दीड महिना होईल.

आम्ही दोघं तापीकाठच्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. गणितात तो माझ्यापुढे होता. वडील वारल्यावर त्याला शाळा सोडावी लागली, मी मात्र धुळ्याला, तिथून पुण्याला आणि शेवटी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पोहोचलो. तो नंदुरबारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाला. बोर्ड हातानं जोडण्याचा होता आणि बाहेरगावच्या लाइनी जेमतेम दोन. मिरचीच्या दिवसांत व्यापारी सकाळपासून सुरतेच्या, इंदूरच्या ट्रंक कॉलसाठी बाकावर येऊन बसायचे. समोर कान लावून बसलेला सुकलाल आणि त्याच्या कोपराशी वही.

वहीत त्यानं स्वतः रेघा मारून रकाने पाडले होते. कॉल नोंदवला केव्हा, लागला केव्हा, किती वेळ बोलणं झालं. लाइन बंद पडली तर केव्हा पडली, केव्हा सुरू झाली, आणि शेवटचा रकाना कारणाचा. हे सरकारी काम नव्हतं. ते रजिस्टर वेगळं असे. एकदा एक शेठ वैतागून म्हणाले, “सुकलालभाऊ, आमनी मिरची सडी जाई, पन तुन्ही वही भरी.” मान वर न करता हा म्हणाला, “सडनी तं सांगा शेठ. तेबी लिखी लेसु, कारणना रकानामा.” बाकावरचे सगळे हसले, शेठही हसले.

त्या वह्या मी पहिल्यांदा नीट चाळल्या त्या पन्नास सालानंतर कधीतरी, दिवाळीच्या सुट्टीत. काही ठिकाणी कारणाचा रकाना कोरा होता. मी म्हटलं, तिथं ‘माहीत नाही’ असं तरी लिही. तो म्हणाला, “कारण समजनं नही तं जागा सोडी देवानी. पुढे समजनं तं भरता येस. खोटं लिखानं नही.” आणि खरंच, कित्येक कोऱ्या जागा त्यानं महिन्या-दोन महिन्यांनी वेगळ्या शाईनं भरल्या होत्या. विसरवाडीकडे तारेवर फांदी टेकत होती, कुठल्याशा खांबावर तार धरणारं चिनी मातीचं चाक तडकलं होतं, असं काहीबाही.

त्या वह्यांतून त्याच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या होत्या. लाइन जवळजवळ भरलेली असली की एकच माणूस वाढला तरी सगळ्यांचं थांबणं कितीतरी पटीनं वाढतं. आणि साफसफाई, दुरुस्ती झाली की पुढच्या दोन दिवसांत यंत्र जास्त बंद पडतं. त्यानंतर मात्र ते बरेच दिवस नीट चालतं. “हात लावा का दोन दिन रुसस,” तो म्हणायचा. मी चकित झालो होतो. महिन्याच्या महिन्याला त्याची नक्कल करून मला पाठव म्हणालो. तेव्हापासून दर महिन्याला त्याचं पाकीट येऊ लागलं.

पुढे आमच्या संस्थेत गणकयंत्र आलं. खोलीभर यंत्र, त्यात शेकडो काचेचे व्हॉल्व्ह, आणि रोज त्यातला एखादा तरी जळायचा. कामं घेऊन आलेले संशोधक बाहेर ताटकळत बसायचे, हुबेहूब त्या बाकावरच्या शेठजींसारखे. असं यंत्र किती काम उरकेल आणि किती वेळ न बिघडता चालेल, हे आधीच गणितानं सांगता येईल का, यावर संस्थेनं चार दिवसांचं चर्चासत्र भरवायचं ठरवलं. यंत्राची नोंदवही जेमतेम वर्षाची होती. माझ्याकडे सुकलालची दहा वर्षं होती. त्याच आकड्यांवर मी माझं गणित उभं केलं, आणि उत्साहाच्या भरात त्याला लिहिलं, तू ये, वह्या घेऊन ये, लोकांना दाखवू.

त्यानं लगेच रजा मांडली. सगळ्या वह्या नव्यानं उतरवून काढल्या. वहिनींनी त्याला कोट शिवायला लावला.

दरम्यान माझा निबंध छापून आला होता. त्यावर एकट्याचं नाव होतं, माझं. तळटीपेत मी ‘एका ग्रामीण केंद्रावरील नोंदी’ एवढंच लिहिलं होतं. नाव घालायचं विसरलो असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. विसरलो नव्हतो. मॅट्रिकही न झालेल्या ऑपरेटरच्या वहीवर माझं गणित उभं आहे हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आता तो आला असता, तर निबंध त्याच्या हाती पडला असता. मी तार केली... ‘चर्चासत्र रद्द. येऊ नये.’

चर्चासत्र ठरल्या दिवशी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता माझं व्याख्यान होतं. दुरुस्तीनंतरच्या दोन दिवसांचा मुद्दा मी फळ्यावर मांडला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक वहीत टिपून घ्यायला लागले. अध्यक्षांनी विचारलं, या नोंदी कुणी ठेवल्या? मी म्हणालो, “एक हौशी माणूस होता.” होता, म्हणालो मी.

सुकलालची पाकिटं येतच राहिली. एकही महिना चुकला नाही. मला वाटलं, त्याला काही कळलं नाही. त्या निबंधानं माझी बढती झाली.

गेल्या वर्षी मी गावाहून परतत असताना तो स्टेशनवर भेटायला आला. दमा वाढला होता, वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. गाडी आली तेव्हा म्हणाला, “वसंता, तुन्हं ते चर्चासत्र व्हयनं का रे पुढे कधी?” मी खिडकीत होतो. गाडी सुटायला पाच-सात मिनिटं तरी होती. सांगून टाकायला तेवढा वेळ पुरला असता. मी म्हणालो, “नाही रे, राहूनच गेलं ते.” त्यानं पिशवीतला डबा खिडकीतून आत दिला. मग म्हणाला, “बरं. डबा खाई ले, थंडा व्हई जाई.”

वहिनींनी दिलेली वही चर्चासत्राच्या वर्षापासूनची आहे. तिच्यातली काही पानं पाकिटांतून मला कधी आलीच नव्हती. त्यात चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवसाचं पान आहे. सकाळी दहा चाळीसला एक कॉल नोंदवलेला, मुंबईचा, आमच्या संस्थेचा. नोंदवणाऱ्याचं नाव सुकलाल. बोर्ड त्याच्याच हातात होता, पण त्यानं आपली चिठ्ठी व्यापाऱ्यांच्या मागे लावली होती. तीन वाजून दहा मिनिटांनी लागला. बोलणं एक मिनिट. पुढे त्याच्या शाळकरी, सरळ अक्षरात, ‘तिकडील ऑपरेटर सांगतात, चर्चासत्र चालू आहे. साहेब व्याख्यान देत आहेत. बोलावू नका, असे मी म्हटले.’

कारणाचा रकाना कोरा आहे.

स्टेशनवर त्याला तोच भरायचा होता, हे मला आता कळतं. वही माझ्या टेबलावर आहे. दोनदा टाक घेऊन बसलो. कारण मला माहीत आहे, चार शब्दांचं आहे. पण ते मी आता लिहिलं काय नि न लिहिलं काय, वाचणारा गेला. वहीत पुढची सात वर्षं आहेत. त्यातल्या इतर सगळ्या कोऱ्या जागा त्यानं कधी ना कधी भरल्या आहेत, वेगळ्या शाईनं.