केतकीला प्रॉम्प्ट कुणी केलं?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हवाई दलात बावीस वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त केली; तिथे नट सैल असला तर सैलच असतो, त्याला बाहेरची बाधा होत नाही. आणि नाटकवाल्यांवर तर भुतांपेक्षाही कमी विश्वास! तरीही लिहितोय...

निवृत्तीनंतर आम्ही चंदीगडजवळ खरड गावी फ्लॅट घेतला. मुलगी केतकी पक्की इथलीच — मराठी कळते, उत्तर हिंदीत. तर या बाईसाहेबांना ऑडिओ नाटकात पहिलंच काम मिळालं. जुनं गाजलेलं मराठी नाटक, म्हणे ‘आजच्या पिढीसाठी’. म्हणजे काय, तर राणीची झाली गुडगावची बॉस, दूताऐवजी व्हॉइस नोट आणि नगाऱ्याच्या जागी लिफ्टची टिंग! संवाद रोमन लिपीत. रेकॉर्डिंग घरीच, आपल्या खोलीत, एकटीने.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पिंजौरला निघालो होतो. मी गाडी चालवत होतो, शेजारी बायको सुनीता, मागे केतकी. तिने नाटकाचं कच्चं रेकॉर्डिंग लावलं.

"पापा, सच बताना हाँ. आपको अच्छा लगा तभी अगला वाला करूँगी."

पंचकुला मागे पडेपर्यंत मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. शेवटच्या प्रवेशात राणी — सॉरी, बॉस — नवऱ्याचा निरोप घेते. तिथे केतकी अडली. "विसरली!" मी म्हणालो. तेवढ्यात स्पीकरमधून एका बाईचा दबका आवाज आला —

"हं, पुढं... दार उघडं..."

आणि लगेच केतकीचा, "दार उघडं ठेवते मी. येणं न येणं तुमच्या हाती."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागचा ट्रकवाला शिव्या घालत पुढे गेला.

"अहो, हा आईंचा आवाज आहे," सुनीता म्हणाली.

माझी आई मिरजेत हौशी मंडळाच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायची. विंगेत पुस्तक घेऊन उभी, आणि कुणी अडलं की "हं, पुढं" म्हणून पहिले दोन शब्द द्यायची. ती गेली तेव्हा केतकी जन्मलीही नव्हती. आणि ते वाक्य नव्या स्क्रिप्टमध्ये नाहीच — मी नंतर पानं तपासली. ते मूळ नाटकातलं आहे.

"मुझे लगा हेडफोन में डायरेक्टर मैम बोल रही हैं," केतकी म्हणाली. मॅडम म्हणतात, त्या वेळी त्या कॉलवरच नव्हत्या. साउंडवाल्या विद्वानाचं निदान — शेजारचा टीव्ही असेल. शेजारच्या सरदारजींकडे, मिरजेच्या मराठीत! धन्य.

"पापा, कैसा लगा?"

"ठीक आहे." तिचं तोंड एवढंसं झालं.

खरं सांगतो, मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. नऊ वर्षांचा असताना याच नाटकात मला एक वाक्य होतं. विसरलो. आई चार पावलांवर विंगेत होती. माझ्याकडे बघत राहिली, पण बोलली नाही. लोक हसले. त्या दिवसापासून नाटक म्हटलं की माझं डोकं फिरतं. का गप्प राहिलीस, हे मी तिला कधी विचारलं नाही.

परवा केतकीला सांगितलं, पुढचं नाटक कर, छान बोलतेस. आवाजाचा उलगडा मात्र अजून नाही. जाणकारांनी खुशाल डोकं चालवावं.

ती कॉलेजला गेल्यावर मी तिच्या खोलीत माइकपुढे बसलो. मिरजेला तालमी आमच्याच घरी व्हायच्या, त्यामुळे अख्खा प्रवेश तोंडपाठ आहे, माझं ते वाक्य सोडून. तिथवर आलो आणि थांबलो. बराच वेळ थांबलो.

कुणी काही सांगितलं नाही.