जंतूंची टाकी आणि खंडेनवमी

'जंतू' हा शब्द मीच पाटीवर लिहिला, हे आधी सांगून टाकतो. दुसऱ्यांवर चिडायचा हक्क मला त्यानंतरच.

आमच्या वरव्याजवळच्या कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग मारतात. रंगाच्या खोलीतली थिनरची वाफ पूर्वी धुराड्यातून सरळ बाहेर जायची आणि वारा ती गावावर आणायचा. कारखान्याच्या भिंतीला लागूनच माझ्या चुलतीचं घर. तिला दमा. तो वास सुटला की तिचा पंप सारखा तोंडात. मी ते बघत होतो आणि पोट त्याच कारखान्यावर म्हणून गप्प होतो. शेवटी ग्रामसभेत ओरड झाली, तेव्हा कुठे कंपनीनं मागच्या अंगाला खोलीएवढी टाकी बांधली. तिच्यात नारळाचा काथ्या, लाकडाचे तुकडे, शेणखत. पंख्यानं खालून हवा सोडायची आणि त्या ओल्या थरात राहणाऱ्या जिवाणूंनी वाफ खाऊन टाकायची. टाकी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

शिवऱ्याकडच्या एका कारखान्यातून सांडपाण्याचा गाळ टेम्पोनं आणून मी त्यात कालवला. आम्ही त्याला विरजणच म्हणायचो. थराची ओल मुठीत दाबून बघायची. बोटांतून पाणी गळलं तर जास्त, मूठ उघडताच सुटा झाला तर कमी. सुटीच्या दिवशीही मी पाणी मारायला जायचो, कारण खाणाऱ्या तोंडाला रविवार नसतो. दीडेक महिन्यात वास हटला. चुलती ओसरीत चहा पीत म्हणाली, "आता दार उघडं ठिवता येतंय बग." त्या दिवशी मी छाती फुगवून कामावर गेलो. टाकीत कोणी कचरा टाकू नये म्हणून ठळक अक्षरांत पाटी लावली: 'या टाकीत जंतू आहेत.'

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रं धुऊनपुसून पूजतात, झेंडूच्या माळा घालतात. मी गुंजवण्याला बहिणीकडे गेलो होतो. कोपरा न् कोपरा चकचकीत करा, असं साहेबांचं फर्मान होतं. सफाईच्या बायांनी पाटी वाचली आणि अख्खा कॅन फिनाईल टाकीत ओतलं, वर ब्लीचिंग पावडर. मग हळदकुंकू लावून माळही घातली. मी परत आलो तर टाकी दवाखान्यासारखी घमघमत होती.

"दादा, जंतू हाईत म्हून तुमीच लिवलंय. मग मारायला नगं?" त्यांतली एक म्हणाली. तिच्यावर काय चिडणार? जंतू म्हणजे मारायचे, हेच तर सगळ्यांनी आपल्याला शिकवलं.

तळपायाची आग मस्तकाला गेली ती साहेबांच्या केबिनमध्ये. मी म्हणालो, नवं विरजण लागेपर्यंत महिनाभर तरी रंगकाम थांबवा. साहेब हसले. "अहो, किडेच ना? आणा दुसरे. ऑर्डर थांबते का त्यांच्यासाठी?" आणि टाकीच्या वहीत 'देखभाल चालू' एवढंच लिहायला सांगितलं. साहेब राहतात पुण्यात, त्यांच्या खिडकीत हा वारा कशाला जातोय! मी लिहिलं, 'थर मेला आहे, रंगकाम चालू आहे.' त्यांनी पान फाडलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच लिहिलं, त्यांनी पुन्हा फाडलं. नवं विरजण मी आणून घातलं, पण ते धरायला वेळ लागतो, आणि रंगाची खोली एक दिवस थांबली नाही.

चुलतीकडे गेलो तेव्हा दार बंद होतं, फटीत जुनं लुगडं कोंबलेलं. ती भिंतीला टेकून धापा टाकत होती. मी सगळं सांगितलं. फिनाईलचं, जिवाणूंचं, अजून महिना लागेल त्याचं. तिनं पंप ओढला.

"तुजं जंतू मेलं, तरी कारखाना थांबला न्हाई," ती म्हणाली. "मंग म्या मेल्यावर थांबंल व्हय?"