मार्चला न्हाई, तर ऑक्टोबरला

फोन घरमालकांकडे आला होता. कारखान्यातून परतलो तर ते जिन्यातच उभे. "तेलगावहून होता. तुमचा मित्र वीरभद्र... मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर गेली म्हणे. जागीच..." मी बरं म्हणालो. वर जाऊन डबा घासला, दाराला कुलूप लावलं आणि औरंगाबादचा एसटी स्टँड गाठला. पुढचे कित्येक दिवस तसेच गेले. लोक विचारायचे, रडलास का? नाही म्हणायचो. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो ना, तसं सगळं बधिर होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच भीती वाटायची.

वीरू म्हणजे तेलगावच्या कापड दुकानदार अप्पांचा एकुलता एक मुलगा. दहावीला गणितात आडवा झाला. ऑक्टोबरला परत बसला आणि काठावर का होईना, निघाला. मधले ते चार-पाच महिने अप्पा त्याच्याशी बोलले नाहीत, आणि तो दुकानाच्या माडीवर गठ्ठ्यांत तोंड खुपसून पडलेला असायचा. नेमकी त्याच सुमारास गावात डिश आली. टीव्हीवर केसाळ गोरे डोकी आपटत गिटारी वाजवताना दिसले. आम्ही हसून लोळलो, वीरू मात्र हसला नाही. "त्या गानाऱ्याला कायतरी व्हतंय बे," एवढंच म्हणाला. पुढं त्यानं कुठूनशी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार पैदा केली आणि आमचा 'दणका' उभा राहिला. माझी हलगी, सलीमचा बेंजो, वीरूची गिटार आणि त्याचाच गळा. हेवी मेटल, कव्वाली आणि भजन यांची अशी खिचडी बीड जिल्ह्यात त्याआधी कुणी शिजवली नसावी. तालमीला बंद पडलेल्या जिनिंगची शेड. मी पेपर पेटवून हलगी शेकायचो आणि तो तारा पिळत बसायचा.

अॅम्प्लिफायर अप्पांचा होता. सेलच्या वेळी टेम्पोवर चढवायचा दुकानाचा संच. तो द्यायला ते तयार झाले, पण आवाजाच्या बटणाशेजारी नेलपॉलिशनं लाल खूण करून. "ह्याच्या वर न्हाई. गेलं की संच कपाटात." अप्पा घरात नसले तरी वीरू ती खूण ओलांडायचा नाही. मेटलवाला आणि बापाला भिणारा... आम्ही त्याला लई छळायचो.

गाणं लिहिलं तेही त्याच्यासारखंच. नापास पोरांसाठी. ध्रुवपद एवढंच, घसा फाटेस्तोवर ओरडायचं, "मार्चला न्हाई, तर ऑक्टोबरला!" सलीमला ते पटेना. "टीव्हीवरचे रगत, मरन म्हनत्यात. आन तू बोर्डाचं टाइमटेबल सांगायलास? ह्यात राग कुठं हाय?"

"राग गिटारीत हाय की," वीरू म्हणाला. "शबुदात कावून पायजे? पोरं आधीच घाबरल्याली असत्यात."

मोठ्या गर्दीपुढं आम्ही एकदाच वाजवलं, कपिलधारच्या यात्रेत. भजनी मंडळ जेवायला उठलं, माइक मोकळा झाला आणि कुणीतरी पाच मिनिटांची परवानगी दिली. पहिल्या ठोक्याला पंगतीतल्या लोकांनी घास हातात तसाच धरला. एका आजींनी कानावर पदर ओढला. मागं उभी असलेली पोरं मात्र दुसऱ्या वेळेपासून आमच्याबरोबर "ऑक्टोबरला" ओरडायला लागली. अप्पा वाढप्यांत होते. वीरू गाताना सारखा तिकडंच बघत होता, पण अप्पा पाठ करून वरण वाढत राहिले. घरी गेल्यावरही त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

दणका वर्ष-दीड वर्षात मोडला. मी इकडं कारखान्यात लागलो, सलीम पुण्याला गेला, वीरू गल्ल्यावर बसला. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून दुकानात फोन करायचो. अप्पा उचलायचे, "हं" म्हणायचे आणि रिसीव्हर वीरूकडे द्यायचे. अप्पा उठून आत गेले की हलक्या आवाजात त्याचं ठरलेलं असायचं, "त्या दिशी अप्पानं ऐकलं आसंल का बे?"

"इचार की त्यांला."

"न्हाई बा. न्हाई म्हनले मंजे?"

तेलगावला पोचलो तेव्हा त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, आमच्याकडच्या लिंगायतांच्या रीतीनं. कपाळाला भस्म, मांडीवर बेलाची पानं. मी बघत राहिलो. बेल ताजा आहे, एवढंच डोक्यात आलं.

दिवस झाल्यावर निघताना दुकानात टेकलो. अप्पा पॉपलिन मोजत होते. गिऱ्हाईक गेलं, त्यांनी कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कपिलधारला त्या गान्यात शेवटी त्याचा आवाज बसला व्हता. आदी गुळाचा खडा तोंडात टाकाया पायजे व्हता." मग परत कापडाची घडी घालायला लागले. त्यांनी ऐकलं होतं. पार शेवटपर्यंत. एसटीत बसलो आणि माजलगाव गेलं तेही कळलं नाही.

त्या रविवारी पाय आपसूक बूथकडं वळले. वीरूला सांगण्यासारखी एवढी मोठी गोष्ट माझ्याजवळ याआधी कधीच नव्हती. नंबर फिरवून झाला, घंटी वाजायला लागली, तेव्हा कुठं ध्यानात आलं. ठेवून देणार होतो, तेवढ्यात पलीकडून "हं" आलं. अप्पा आपल्या सवयीनं थांबले... रिसीव्हर द्यायला हात पुढं झाला असेल, आणि तिथंच राहिला असेल.

"अप्पा, मी हाय," मी म्हणालो. "वीरू मला दर रविवारी इचारायचा. तुमी त्याचं गानं ऐकलं का म्हनून."

पलीकडून खरखर आली.

"आवाज येईना," अप्पा म्हणाले. "मोठ्यानं बोल."

बटणाला खूण करणारा माणूस मला मोठ्यानं बोल म्हणत होता. मी परत सांगितलं. मग आणखी मोठ्यानं. बूथवाला उठून काचेपाशी आला, रांगेतली माणसं बघायला लागली, आणि माझा आवाज फाटून त्याचं रडं झालं तरी पलीकडून अप्पा म्हणतच होते, "अजून मोठ्यानं. अजून."