वरची डावीकडची टिकली

"वर जा."

भाऊंचं बोलणं बहुतेक वेळा या दोन शब्दांनीच सुरू व्हायचं. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, मान जराशी पुढे काढलेली, आणि हनुवटी एकदाच वर उचलायची. बोट दाखवणं नाही की खुर्ची ओढून बसणं नाही. जळगावच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमधल्या मुलांना ती उचललेली हनुवटी पाठ झाली होती.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. हुद्दा खालचा, पण अडलं की सगळे त्याच्याकडेच जातात. भाऊ लॅब असिस्टंट होते. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा माझ्याकडे पदवी होती आणि त्यांच्याकडे डिप्लोमा. तरी पहिली दोन वर्षं मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. सगळे भाऊच म्हणायचे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारा एक वेगळा प्रोग्राम असतो, कंपायलर. तो मध्येच अडला की चुकांची यादी देतो. एखादी फाइल सापडली नाही तर शंभर ठिकाणी बोंब मारतो. नवखा माणूस यादीच्या शेवटी पाहतो, कारण पडद्यावर शेवटच दिसतो.

एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी पाचोऱ्याची एक मुलगी पडद्यासमोर बसून रडत होती. भाऊ तिच्यामागे जाऊन उभे राहिले आणि अहिराणीत बोलू लागले.

"किती शेतस?"

"एकशे बारा, भाऊ."

"एकच शे. बाकीन्या बठ्ठ्या तिन्या पोरी. वर जा."

म्हणजे चूक एकच, बाकी सगळ्या तिच्या लेकी. मुलगी वर गेली. पहिल्या चुकीच्या ओळीत एक कंस राहिला होता. तो घातला आणि एकशे बाराच्या एकशे बारा गेल्या. मुलगी रडता रडता हसली. भाऊ पुढच्या टेबलाकडे निघालेही होते.

दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. मी घाईनं एखाद्या मुलाचं दुरुस्त करून दिलं की चिडायचे. "त्याचं जेवण तू जेवलास. आता तो उपाशी राहिला ना?" शिकवताना त्यांचं फक्त डोकं हलायचं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आलं.

मला धुळ्याच्या कॉलेजात नोकरी लागली. तिथे पुढे मी विभागप्रमुख झालो. भाऊ लॅबमध्येच राहिले. फोनवर मला गमतीनं "साहेब" म्हणायचे. मी "काय हो भाऊ" म्हणायचो, पण ते ऐकायला बरं वाटायचं, हेही खरं.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना त्यांची मोटरसायकल एरंडोलजवळ घसरली. मानेचा मणका गेला. मानेखालचं काहीच हलेना.

मी भेटायला गेलो तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. लवकर का गेलो नाही, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. जळगावचं ऊन, कूलरची घरघर, खिडकीशी पलंग. त्यांनीच सुरुवात केली.

"मन्हं काय गयं भो? कीबोर्डला हात मी कधी लावायचो?"

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हे आधी बऱ्याच वेळा ऐकलं असावं.

जुने विद्यार्थी अजून त्यांना चुकांचे फोटो पाठवायचे. भडगावहून, पुण्याहून, एक तर परदेशातून. वहिनी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि ते सांगायचे.

"वर जा... अगं वर. वर म्हटलं की ही खाली ओढते."

"खाली ओढल्यावरच ते वर जातं हो!"

"बघ भो. आता ही मला शिकवते."

वहिनी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा भाऊंचा आवाज बदलला. "दिवसातून पन्नास वेळा तिला हाक मारतो रे. भाजी टाकून येते बिचारी, हात पुसत. मला दुसरं काही नको. एकदा माझं मला वर जाता आलं पाहिजे."

त्यांनी एका सॉफ्टवेअरबद्दल ऐकलं होतं. कॅमेरा माणसाच्या डोक्याकडे पाहतो आणि डोकं वळेल तसा पडद्यावरचा बाण फिरतो. फुकट मिळतं, कोड सगळ्यांना खुला. पण त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याची तयार फाइल चालत नव्हती. मूळ कोड घेऊन त्या यंत्रावरच ते बांधावं, म्हणजे कंपायलरमधून काढून तयार करावं लागणार होतं.

"तू करशील?"

"आठ दिवसांत देतो, भाऊ."

एसटीनं धुळ्याला येताना तो कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. पारोळ्यापर्यंत मला फार चांगलं वाटत होतं.

आठ दिवस असेच गेले. मग एका रविवारी बसलो आणि कोड बांधायला घेतला. चुका भराभर खाली वाहू लागल्या. मी शेवटची चूक वाचली, इंटरनेटवर शोधली, कुणीतरी सुचवलेलं काहीतरी उतरवून घेतलं आणि परत चालवलं. चुका वाढल्या. पुढच्या रविवारी आणखी काही उतरवलं. कॅमेऱ्याचं चित्र वाचणारी जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच लागतो, तिच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या मी त्या यंत्रात कोंबल्या.

वहिनी फोन त्यांच्या कानाशी धरायच्या.

"काय भो, किती शेतस?"

"सव्वादोनशे, भाऊ."

"पहिली काय म्हणते?"

पहिली मी वाचलीच नव्हती. पडद्यावर ठरावीक ओळीच राहतात, वरच्या पुसल्या जातात. सगळं एका फाइलमध्ये साठवायचं आणि मग वर जायचं. हे मी वीस वर्षं मुलांना शिकवतोय.

"फाइलमध्ये घे सगळं," भाऊ म्हणाले. "आणि वर जा."

ते साधेपणानं म्हणाले होते. पण स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी दोन प्राध्यापक बसले होते आणि फोनचा आवाज मोठा होता. लॅब असिस्टंट विभागप्रमुखाला पहिल्या वर्षाचा धडा देतोय, असं मला वाटलं. लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला. मी म्हणालो,

"ते झालं हो भाऊ. बांधून झालंय. आता फक्त कॅमेऱ्याचं थोडं अडलंय."

माझ्या चुका मी पुष्कळ वेळा मोजल्या आहेत. उशिरा भेटायला गेलो, आठ दिवस म्हणालो, रविवार वाया घालवले. पण यादीत सगळ्यात वर आहे ते हेच, "झालंय". त्यानंतर ती फाइल मी उघडलीच नाही. झालेलं काम परत कसं करायचं? कॉम्प्युटर टेबलाखाली गेला, त्यावर चादर आली, चादरीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले.

उन्हाळ्यात पेपर तपासायला जळगावला जावं लागलं. जाऊ की नको करत शेवटच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. दार उघडताच वहिनी म्हणाल्या, "या भाऊजी! आज आणलं का?"

आत पाऊल टाकलं आणि पलंगासमोरची भिंत दिसली.

भिंतीवर टिकल्या चिकटवल्या होत्या. वहिनींच्या, कपाळाच्या. लाल, तीन ओळींत तीन-तीन, कॉम्प्युटरच्या पडद्याएवढ्या चौकोनात.

"तुम्ही म्हणालात ना झालंय," वहिनी म्हणाल्या, "त्या दिवसापासून सराव चाललाय. मानेला वळण पाहिजे म्हणतात. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. मी मोजते. मध्ये कुणी बोललं तर परत पहिल्यापासून."

"नाकाचा बाण करायचा," भाऊ म्हणाले. "दाखवू?"

त्यांनी दाखवलं. मधल्या टिकलीवरून उजवीकडे, मग खाली, परत मध्ये. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, कपाळावर घाम होता. वहिनी पदरानं घाम टिपायला पुढे झाल्या तर म्हणाले, "थांब, अजून एक राहिली." ती एक म्हणजे वरची डावीकडची. तिथपर्यंत जायला सगळ्यात त्रास व्हायचा. हनुवटी थरथरत वर गेली आणि थांबली. तीच हनुवटी, लॅबमधली.

"पहिली चूक तिथंच असते ना," ते म्हणाले. "माले तिथं पोचनं शे."

तेव्हा सांगायला हवं होतं. पाणी पिताना तोंडाशी आलं होतं. वहिनींनी भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी होती, त्यांनी आग्रहानं वाढलं. मी जेवलो. भाऊंना त्यांनी घास भरवला. दोन घासांच्या मध्ये ते मला म्हणाले, "घाई करू नको भो. कॅमेऱ्याचं नीट कर. तोवर माझी मान तयार होते."

"पुढच्या खेपेला आणतो," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांचे फोन यायचे तेव्हा मी मीटिंगमध्ये असायचो. नसलो तरी असायचो. शेवटच्या महिन्यात चार फोन आले, एकही उचलला नाही. मग एके दिवशी जुन्या स्टाफच्या ग्रुपवर बातमी आली. छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत गेले. सत्तावीस जणांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. त्यात माझंही एक होतं. अंत्यविधीला गेलो नाही. तिथे वहिनी असणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला केले आणि कॉम्प्युटर बाहेर काढला. मी कोंबलेलं सगळं काढून टाकलं. लायब्ररीची एकच, नवी आवृत्ती ठेवली. चुका फाइलमध्ये घेतल्या आणि वर गेलो.

पहिली ओळ साधी होती. एक फाइल सापडत नाही. मी शोधली. फाइल यंत्रातच होती, फक्त एका फोल्डरनं आत. नव्या आवृत्तीत तिची जागा सरकली होती आणि कोड जुन्या जागी शोधत होता. मी त्याला नवा पत्ता एका ओळीत लिहून दिला आणि परत चालवलं.

एकही चूक आली नाही. टेबलावरचा चहा अजून गरम होता.

भाऊंना फोनवर ती एक ओळ वाचून दाखवली असती तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. त्यांना हनुवटीही उचलावी लागली नसती.

तेराव्यानंतर मी कॉम्प्युटर घेऊन जळगावला गेलो. चादर तीच होती. पलंग अजून हलवलेला नव्हता, गादी गुंडाळून ठेवली होती. वहिनी पाणी घेऊन आल्या. मी पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

"वहिनी, मी झालंय म्हणालो होतो तेव्हा ते झालं नव्हतं. भाऊ गेल्यावर झालं."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"मग त्या टिकल्या उगाच?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच विचारायचं होतं. बाहेर भंगारवाल्याची हाक जवळ आली आणि लांब गेली.

मग त्या म्हणाल्या, "लावा. बघू द्या मला, काय होतं ते."

मी कॉम्प्युटर टिकल्यांच्या खाली स्टुलावर मांडला आणि कॅमेरा लावला. भाऊंच्या एका विद्यार्थ्यानं पाठवलेला चुकांचा फोटो वहिनींच्या फोनमधून घेऊन पडद्यावर उघडला. भाऊ गेले त्या महिन्यातला होता. कुणी उत्तर दिलं नव्हतं. मग पलंगाच्या कडेला बसलो, भाऊंचं डोकं जिथे असायचं त्याच्या जवळपास.

डोकं वळवलं तसा बाण सरकला. उजवीकडे, खाली, मध्ये. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. फोटोतला पडदा चुकांनी भरलेला होता आणि पहिली ओळ वरच्या डाव्या कोपऱ्यात होती. मी हनुवटी उचलली. बाण वर चढला आणि कोपऱ्याच्या चार बोटं अलीकडे थरथरत राहिला. अजून जोर केला तर मानेत कळ आली आणि बाण खाली घसरला. परत नेला. परत तिथंच अडला. मला सराव नव्हता.

"वर जा," वहिनी म्हणाल्या. "अजून वर."